हेड गॅसकेट गेली – कशावरून?

एप्रिलमधली दुपार आहे असे समजा. शिरूरहून कांद्याच्या गोण्या भरून एक पिकअप गाडी न्हावरे, पारगाव, चौफुला या रस्त्याने दौंडला निघाली आहे. पारगावजवळ भीमेचा पूल ओलांडला आणि थोड्याच वेळात चालकापुढचा तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. चालकाने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले, तर आतून वाफेचे लोट. तासाभराने पाणी भरून गाडी कशीबशी एका गॅरेजपर्यंत नेली. मिस्त्रीने एक नजर टाकली आणि सांगून टाकले, "हेड गॅसकेट उडाली. हेड खोलावे लागेल."

हे वाक्य ऐकले की गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो. गॅसकेट ही वस्तू स्वतः काही फार महाग नसते. पण ती बदलायची तर अर्धे एंजिन उलगडावे लागते, हेड यंत्रशाळेत पाठवून घासून घ्यावे लागते, तेल आणि कूलंट नवे घालावे लागते. आणि तेवढे दिवस गाडी उभी, म्हणजे कमाई बंद. इतके सगळे करून दोष गॅसकेटचा नव्हताच, एखादी अडकलेली झडप होती असे निघाले तर? उलट, गॅसकेट खरोखरच गेली असेल आणि चालक दर वीस किलोमीटरला पाणी ओतत गाडी दामटत राहिला, तर पुढे एंजिनच निकामी होते. दोन्ही चुका महागात पडणाऱ्या. म्हणून मिस्त्रीला आपण विचारायचे ते एवढेच, की 'कशावरून?' डॉक्टर रोग्याची परीक्षा करतात तशीच एंजिनचीही करता येते, आणि ती करायला लागणारे बहुतेक सारे शास्त्र तुमच्या आठवी-नववी-दहावीच्या पुस्तकात आहे.

एक पत्रा आणि तीन शेजारी

मोटारीचे एंजिन दोन मोठ्या तुकड्यांचे असते. खालचा तुकडा म्हणजे ब्लॉक. त्यात सिलिंडर असतात आणि सिलिंडरांत दट्ट्ये, म्हणजे पिस्टन, वरखाली होतात. वरचा तुकडा म्हणजे हेड. ते सिलिंडरांवर झाकणासारखे बसते. त्यात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. हे दोन तुकडे लांब बोल्टांनी एकमेकांवर आवळलेले असतात. धातूवर धातू कितीही सफाईने बसवला तरी बारीक फटी राहतातच. त्या बुजवण्यासाठी मधे जो भोके पाडलेला पातळ पत्रा घालतात, ती हेड गॅसकेट. काही मिस्त्री तिला नुसते 'पॅकिंग' म्हणतात.

तिची भोके नीट पाहिली तर तीन प्रकारची दिसतील. मोठी गोल भोके सिलिंडरांची. तेथे इंधन जळते. त्यांच्याभोवतीची वेडीवाकडी भोके पाण्याची. एंजिन थंड ठेवणारे पाणी ब्लॉकमधून हेडमध्ये याच वाटेने चढते. आणि काही लहान भोके वंगणतेलाची. म्हणजे आग, पाणी आणि तेल हे तीन शेजारी एकाच पत्र्यात राहतात, आणि त्यांच्यामधली भिंत काही ठिकाणी जेमतेम काही मिलिमीटर रुंदीची असते.

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला जो मोटारींचा कारखाना आहे, तेथे गाड्यांबरोबर एंजिनेही बनतात. खडकीची किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. शेतातल्या विहिरींवर पाणी उपसणाऱ्या डिझेल एंजिनांमुळे तिचे नाव घरोघरी पोचले. एंजिन मोठे असो की लहान, हेड वेगळे काढता येत असले की बहुधा मधे हा पत्रा आलाच. तालुक्याच्या गावी पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानात जुनी गॅसकेट खिळ्याला टांगलेली हमखास सापडते. पाहून या. हाताने मात्र खरवडू नका. पूर्वी गॅसकेटमध्ये तांबे आणि अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत, आणि अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसांचे गंभीर रोग होतात. हल्लीच्या गॅसकेट बहुतेक पोलादाच्या पातळ पत्र्यांचे थर एकावर एक ठेवून केलेल्या असतात.

आता या पत्र्यावर काय बेतते ते पाहू. पेट्रोल एंजिनवर पुरता भार असताना इंधन पेटले की सिलिंडरातला दाब क्षणभर दर चौरस सेंटिमीटरला ५० ते ६० किलोग्रॅमपर्यंत चढतो. डिझेल एंजिनात तो याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो. सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर धरा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर येते. ५० ला ६० ने गुणा: तीन हजार किलोग्रॅम! प्रत्येक स्फोटाला तीन टनांचा जोर हेडला वर उचलू पाहतो. एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार धावांच्या एंजिनातल्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला २५ वेळा घडते. पलीकडे पाण्याचा दाब मात्र दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम १ किलोग्रॅम, आणि तेलाचा तीन-चार. तेव्हा भिंत फुटली तर कोण कोणाच्या घरात घुसेल हे वेगळे सांगायला नको. एंजिन चालू असताना वायू पाण्यात घुसतो. एंजिन बंद केले की सिलिंडरात दाब उरत नाही. मग गरम पाणी उलट दिशेने सिलिंडरात झिरपते. ही अदलाबदल लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

बोल्ट घट्ट असताना पत्रा फाटतोच का? बहुतेक वेळा एंजिन तापल्यामुळे. कितीतरी एंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. हेड ४० सेंटिमीटर लांब आहे आणि सकाळी २५ अंशांवर असलेले एंजिन ९५ अंशांवर गेले असे धरून गणित करा. अ‍ॅल्युमिनियमचा प्रसरणांक ०.०००२३ नव्हे, ०.००००२३ घ्यायचा बरे का. शून्यांत घोटाळा होतो. बिडाचा साधारण ०.००००११. हेड सुमारे ०.६४ मिलिमीटरने वाढते, ब्लॉक ०.३१ ने. म्हणजे गाडी सुरू करून बंद केली की दर खेपेला दोघांमध्ये मिळून एक तृतीयांश मिलिमीटरचे घासणे होते. चांगली गॅसकेट हे वर्षानुवर्षे सोसते. पण पाणी संपून हेड एका जागी भलतेच तापले, की ते पोळीसारखे फुगते, वाकते आणि निवल्यावर पुरते सरळ होत नाही. वाकलेल्या हेडखाली गॅसकेटवरचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही, आणि जेथे तो कमी पडला तेथून वायू वाट काढतो.

येथेच निदानातली खरी गोम आहे. एंजिन तापले म्हणून गॅसकेट जाते, आणि गॅसकेट गेली म्हणूनही एंजिन तापते. काटा लाल रेघेवर गेला, एवढ्यावरून यातले काहीच ठरत नाही.

झाकण उघडू नका

परीक्षेला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते. शिरूर-दौंडचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणून तेथे ते ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण मात्र नुसते झाकण नसते. त्यात स्प्रिंगची झडप असते आणि ती आतला दाब वातावरणाहून सुमारे १ किलोग्रॅमने जास्त होईपर्यंत उघडत नाही. प्रेशर कुकरच्या शिटीचेच तत्त्व. त्यामुळे आतले पाणी ११५-१२० अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. कूलंटमध्ये ग्लायकॉल मिसळलेले असते, त्यानेही उत्कलनबिंदू काही अंश वाढतो. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ आहेत. काहिलीतला रस आटत जाऊन त्यात साखरेचे प्रमाण वाढते तसतसा तो १०० च्या वर, गूळ उतरवायच्या वेळी ११५ अंशांच्या पुढे जाऊन उकळत असतो, तोच प्रकार.

आता समजा रेडिएटर आणि एंजिन मिळून ५ लिटर पाणी ११० अंशांवर आहे, आणि कोणी झाकण फिरवले. दाब एकदम वातावरणाइतका झाला. ९८ अंशांहून जास्त असलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होणार. ५ किलोग्रॅम पाणी, १२ अंश, विशिष्ट उष्णता ४.२, म्हणजे सुमारे २५० किलोजूल. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोजूल लागतात. भागाकार केला की ११० ग्रॅम पाण्याची वाफ क्षणात होते. ऐकायला थोडे वाटते, पण त्या वाफेचे आकारमान जवळजवळ दोनशे लिटर होते, आणि ती उकळते पाणी बरोबर घेऊन चेहऱ्यावर येते. फडके धरून झाकण हळू उघडणे हाही उपाय नव्हे. एंजिन हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबणे हाच एक उपाय. तापलेल्या एंजिनात एकदम गार पाणी ओतणेही वाईट. बिडाला तडा जाऊ शकतो.

खुणा पुष्कळ, पुरावा थोडा

गॅसकेट गेल्याच्या खुणा म्हणून गॅरेजमध्ये चार गोष्टी सांगतात: गाडी तापते, पाणी कमी होते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, आणि तेल दुधाळ होते. चारही खऱ्या आहेत. पण प्रत्येकीला दुसरेही कारण असू शकते, आणि ते आधी तपासून बाजूला सारावे लागते.

गाडी तापण्याची साधी कारणे अनेक. पंखा फिरत नाही, पट्टा सैल झाला, पाण्याचा पंप गेला, थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला. आपल्याकडे आणखी एक कारण फार आढळते. विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड, तुमच्या पुस्तकातल्या शब्दात दुष्फेन, असते. तेच रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे भरले की पाणी तापवायच्या भांड्याला आतून धरते तशी खपली नळ्यांत धरते. खपली उष्णतेची मंदवाहक असते. शिवाय नळी अरुंद होते. अशा गाडीत गॅसकेट धडधाकट असूनही काटा चढतो.

पाणी कमी होणे. होजपाइपच्या टोकाशी, पंपाच्या बुडाशी, रेडिएटरच्या कोपऱ्यात ओल किंवा पांढरे डाग दिसतात का ते पाहिले पाहिजे. गळणारे पाणी तापल्या धातूवर लगेच सुकते, म्हणून ठिपका पडलेला दिसत नाही. डाग मात्र राहतो. यासाठी एक सोपे यंत्र आहे. गार एंजिनच्या रेडिएटरवर झाकणाऐवजी दाबमापक असलेला हातपंप बसवतात आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून थांबतात. काटा पंधरा मिनिटे जागचा हलला नाही तर गळती नाही. काटा उतरला आणि बाहेर कोठेच थेंब दिसला नाही, तर पाणी आत कोठेतरी जाते आहे. येथे संशय गॅसकेटकडे वळतो, पण सिद्ध काही झालेले नाही.

गळतीवर हळद टाकायची एक जुनी युक्ती ट्रकवाल्यांत आहे. रेडिएटरच्या सुईएवढ्या छिद्रात हळदीचा गाळ अडकतो आणि तात्पुरते भागते. पण साठ किलोग्रॅमचा दाब आणि आगीचा झोत जेथून जातो तेथे हळद काय करणार? उलट ती रेडिएटरच्या नळ्या तुंबवते.

पांढऱ्या धुराबद्दल गैरसमज सर्वात जास्त. पेट्रोल जळते तेव्हा काय होते ते ऑक्टेन या घटकावरून पाहू. ऑक्टेनच्या दोन रेणूंचा पंचवीस ऑक्सिजन रेणूंशी संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइडचे सोळा आणि पाण्याचे अठरा रेणू होतात. रेणुभारांची बेरीज मांडली तर २२८ ग्रॅम ऑक्टेनपासून ३२४ ग्रॅम पाणी मिळते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो असते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जळाले की एक लिटरहून थोडे जास्तच पाणी तयार होते! एंजिन तापलेले असताना ते अदृश्य वाफेच्या रूपाने निघून जाते. डिसेंबरच्या पहाटे घोडनदीच्या काठी तुमच्या तोंडातून जशी 'वाफ' निघते, तशीच ती गार सायलेन्सरमधूनही पांढरी दिसते आणि पाणीही ठिबकते. पाच-दहा मिनिटांनी ती थांबली तर घाबरण्याचे कारण नाही. एंजिन पुरते तापल्यावरही पांढरे लोट येत राहिले, त्यांना गोडसर वास असला (तो ग्लायकॉलचा) आणि त्याच वेळी पाणी कमी होत असले, तर ती खूण गंभीर. वास मुद्दाम नाक लावून घेऊ नये, हे सांगायला नकोच.

आता तेल. वंगणतेलात पाणी घुसळले गेले की पायस तयार होतो आणि तेल दुधाच्या चहासारखे दिसते. पण कोठे दिसते हे महत्त्वाचे. तेल भरायच्या टोपणाच्या आतल्या बाजूलाच पिवळट साय धरली असेल आणि डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ असेल, तर ते बहुधा एंजिनातल्या दमट हवेचे पाणी. शाळा ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत एंजिन पुरते तापतच नाही, म्हणून ते उडून जात नाही. डिपस्टिकवरच दुधाळ तेल आले तर मात्र गाडी तेथून हलवू नये. पाणी मिसळलेल्या तेलाचा थर बेअरिंगांना पेलत नाही. तरीही येथे एक पोटप्रश्न राहतो: पुष्कळ डिझेल एंजिनांत तेल थंड करण्यासाठी तेल-पाण्याचा कूलर असतो, तो आतून फुटला तरी हेच दृश्य दिसते.

तेलात पाण्याचा अंश आहे का हे कळायला एक झटपट चाचणी आहे. ओला कढीपत्ता फोडणीत टाकला की तेल तडतडते ना? पाण्यापेक्षा तेल कितीतरी जास्त तापलेले असते, पाण्याच्या थेंबाची क्षणात वाफ होते आणि ती तेल उडवत बाहेर पडते. तसाच एंजिनच्या तेलाचा एकच थेंब १३० अंशांच्या वर तापवलेल्या धातूच्या पट्टीवर टाकतात. तो नुसता पसरला तर तेल कोरडे. तडतडला तर त्यात पाणी आहे. ही चाचणी जाणत्या माणसाने डोळ्यांवर चश्मा घालून करायची असते.

वायू पाण्यात घुसला का?

वर म्हटले की एंजिन चालू असताना वायू पाण्यात घुसतो. बाकीच्या सगळ्या कारणांपासून गॅसकेटला वेगळे काढणारी ही गोष्ट आहे. थर्मोस्टॅट अडकला, पंखा बंद पडला, नळी गळली, तरी जळलेला वायू काही पाण्यात येणार नाही. म्हणून शोध त्याचा घ्यायचा.

पहिली परीक्षा हाताची. रात्रभर उभी राहिलेली, गार गाडी सुरू करायची आणि एक-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होजपाइप दाबून पाहायचा. पंखा व पट्टा यांच्यापासून हात दूर ठेवून. पाइप अजून गार आहे, म्हणजे उष्णतेने दाब वाढायला वेळच मिळालेला नाही. तरीही तो फुगून टणक झाला असेल तर हा दाब आला कोठून? कधी कधी असेही आढळते की आदल्या संध्याकाळी उभी केलेली गाडी सकाळी पार निवालेली असते आणि पाइप तरीही टणक असतो. वाफ निवाली की तिचे पुन्हा पाणी होते, दाब उरत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड आणि नायट्रोजन हे वायू मात्र निवाले तरी वायूच राहतात. मला ही परीक्षा फार आवडते. काही खर्च नाही आणि युक्तिवाद पक्का.

दुसरी डोळ्यांची. गार एंजिनमध्ये झाकण काढून रेडिएटर काठोकाठ भरायचा आणि एंजिन सुरू करायचे. सुरुवातीला काही बुडबुडे येतात. ती आत अडकलेली हवा. ते थांबले नाहीत आणि एंजिनचा वेग वाढवला की बुडबुडेही वाढले, तर संशय बळावतो.

तिसरी परीक्षा रसायनाची. पेट्रोल एंजिनच्या धुरात सुमारे १३ ते १५ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असतो. साध्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के. रेडिएटरच्या तोंडावर एक काचनळी बसवतात, तीत ब्रोमोथायमॉल ब्लू या दर्शकाचा निळा द्रव असतो. पाण्यावर साचलेली हवा रबरी फुग्याने त्या द्रवातून ओढून घेतात. हवेत कार्बन डाय-ऑक्साइड असला तर तो द्रवात विरघळून कार्बॉनिक आम्ल होते आणि निळा रंग हिरवा, मग पिवळा होतो. डिझेल एंजिन संथ चालत असताना त्याच्या धुरात हवा जास्त आणि कार्बन डाय-ऑक्साइड कमी असतो, म्हणून रंग सावकाश आणि कमी पालटतो. चाचणी करताना रेडिएटरचे पाणी थोडे कमी करावे लागते; नळीत पाणीच ओढले गेले तर रंगाचा काही भरवसा नाही.

हा प्रयोग शाळेत करून पाहा. परीक्षानळीत थोडे पाणी घेऊन त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे काही थेंब टाका. पाणी निळे दिसले नाही तर काचकांडीच्या टोकाने खाण्याच्या सोड्याच्या द्रावाचा कणभर अंश घाला. आता स्वच्छ नळीने त्यात हळूहळू फुंका. ओढू मात्र नका. उच्छ्वासात चार-पाच टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असतो, तेवढ्याने रंग पालटतो. नंतर नळी सावकाश तापवून उकळवा आणि काय होते ते वहीत लिहा. दर्शक नसेल तर चुन्याची निवळी आहेच. गाडीच्या धुरावर प्रयोग करायला जाऊ नका. त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो, आणि त्याला रंग नाही की वास नाही.

रंग पिवळा झाला म्हणजे जळलेला वायू पाण्यात येतो आहे, एवढे ठरले. तो गॅसकेटमधून येतो की हेडला पडलेल्या तड्यातून, हे या चाचणीला कळत नाही. पण दोन्ही बाबतींत हेड खोलावेच लागते, तेव्हा मिस्त्रीचे वाक्य येथे खरे ठरते. रंग निळाच राहिला तर? गॅसकेट निर्दोष, असे म्हणण्याची घाई करू नका. फट कदाचित गाडी भाराने चढ चढत असतानाच उघडत असेल. किंवा गळती तेल आणि पाणी यांच्यामधली असेल. तेथे वायूचा संबंधच नाही. प्रत्येक चाचणी एकाच शेजाऱ्याची कुरापत पकडते.

सिलिंडर कोणता हे शोधायचे तर हवेचीच मदत घेतात. ज्या सिलिंडराची परीक्षा करायची त्याचा दट्ट्या वरच्या टोकाला आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, प्लगच्या भोकातून दाबाची हवा आत सोडतात आणि कान देतात. हवा घेण्याच्या नळीतून सूं आवाज आला तर आत घेणारी झडप गळते. सायलेन्सरमधून आला तर बाहेर सोडणारी. तेल भरायच्या तोंडातून आला तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या. आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर आपला पत्रा. शेजारच्या सिलिंडराच्या भोकातून हवा आली तर दोन सिलिंडरांमधली अरुंद भिंत जळाली आहे. अशा गाडीत पाणीही कमी होत नाही आणि तेलही दुधाळ होत नाही, नुसती ताकद जाते आणि एंजिन गचके देते. इतक्या सोप्या कल्पनेतून इतकी माहिती देणारी परीक्षा गॅरेजमध्ये दुसरी नाही.

पुरावा मिळाल्यावर गाडी ओढूनच न्यावी, चालवू नये. एंजिन बंद असताना सिलिंडरात झिरपलेले पाणी वरच्या दिशेने येणाऱ्या दट्ट्यापुढे सापडते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग वाकतो तो दट्ट्याचा दांडा.

हेड खोलल्यावर आणखी पुरावे मिळतात. ज्या सिलिंडरात पाणी जात होते त्याच्या दट्ट्याचा माथा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असतो, बाकीचे काजळीने काळे. जळालेल्या गॅसकेटवर वायूच्या वाटेची काळी रेघ दिसते. सरळ पोलादी पट्टी हेडवर आडवी-तिरपी ठेवून खालून फीलर गेजचे पातळ पाते सरकवून पाहतात; पुष्कळ एंजिनांत ०.०५ मिलिमीटर वाक एवढीच सूट असते, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीहूनही कमी. नवी गॅसकेट घालून बोल्ट आवळताना मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जायचे, तेही टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्याने.

आणि मूळ कारण? एंजिन पहिल्यांदा तापले का, हे शोधले नाही तर नवा पत्राही फार दिवस टिकत नाही. थर्मोस्टॅट तर घरी तपासता येतो. त्याच्या पितळी डबीत मेण भरलेले असते. ते वितळताना फुगते आणि झडप ढकलते. मिस्त्रीकडून जुना थर्मोस्टॅट मागून आणा, दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात तळाला टेकणार नाही असा लटकवा, शेजारी तापमापक धरा आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली पाणी सावकाश तापवा. त्यावर कोरलेला आकडा, पुष्कळदा ८२ किंवा ८८, आधी वाचून ठेवा. झडप त्याच्या आसपास उघडू लागली तर थर्मोस्टॅट ठीक. पाणी खळखळ उकळले तरी ती मिटलेलीच राहिली, तर पारगावच्या पुढे ती गाडी का तापली त्याचे एक कारण तुमच्या पातेल्यात लटकते आहे.